लॅपटॉपचा पडदा काळा झाला तर : वॉरंटी ही मेहरबानी नव्हे, सौदा होय

कापडाच्या गादीवर पूर्वी तीन वस्तू हमखास असत. वही, कात्री आणि मीटरपट्टी. आता त्यात चौथी वस्तू आली आहे आणि ती म्हणजे लॅपटॉप. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि छोट्यात छोट्या व्यापाऱ्यालाही संगणकावाचून गत्यंतर उरले नाही. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण द्यावे लागते आणि २० तारखेपर्यंत कराचा हिशोब पूर्ण करावा लागतो. उशीर झाला तर साधारणपणे रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि वर थकलेल्या करावर व्याज. परराज्यात ५० हजारांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा असेल तर ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशा पेठांतून भरतकामाचे आणि विणकामाचे नमुनेसुद्धा आता संगणकावरच काढले जातात. अशा वेळी १९ तारखेच्या संध्याकाळी लॅपटॉपचा पडदा काळा पडला किंवा चार्जर लावूनही यंत्र जागे होईना, तर नुकसान केवळ एका वस्तूचे होत नाही, धंदा थांबतो.

अशा प्रसंगी आपल्या बाजारात दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिला म्हणतो, “वॉरंटी म्हणजे नुसता कागद. कंपनी काही देत नाही. गल्लीतल्या पोराकडे दे, तासाभरात करून देईल.” दुसरा लॅपटॉप उचलतो, सेवा केंद्राच्या टेबलावर ठेवतो, “बंद पडला आहे” एवढेच सांगतो आणि परत येतो. माझ्या मते दोघांचेही नुकसान होते. पहिला स्वतःचा हक्क स्वतःच्या हाताने मोडतो, कारण वॉरंटीच्या काळात बाहेरच्या माणसाने स्क्रू उघडला की कंपनीला नकाराचे निमित्त मिळते. दुसरा हक्क मागतो, परंतु काय मागायचे हेच त्याला माहीत नसते. म्हणून समोरचा जे सांगेल ते त्याला मान्य करावे लागते.

वॉरंटीचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच धरलेले असतात. आपण ते खरेदीच्या दिवशीच मोजून दिलेले असतात. तेव्हा ही कंपनीची मेहरबानी नव्हे, हा सौदा आहे. सौद्यातला आपला भाग पूर्ण करून घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात : दोषाची ओळख, हातातला कागद आणि कायद्याची माहिती.

अगोदर रोग ओळखा

“लॅपटॉप चालू होत नाही” या एका वाक्याखाली दोन वेगळे रोग असतात. एक, वीजच आत पोहोचत नाही. दोन, यंत्र चालू आहे पण पडद्यावर चित्र येत नाही. दोन्हींत पडदा काळाच दिसतो. फरक ओळखणे अवघड नाही. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, कॅप्स लॉकचे बटण दाबले की त्याचा दिवा लागतो-विझतो का, हे पाहावे. यांपैकी काही होत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि तक्रार पडद्याची आहे. काहीच होत नसेल तर वीज कुठे अडते ते शोधावे.

विजेचा मार्ग भिंतीपासून सुरू होतो. ज्या सॉकेटला चार्जर लावला आहे तिथे मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्ड मधून काढून चार्जर थेट भिंतीला लावावा. अॅडाप्टरच्या डब्याला जोडलेली जाड वायर अनेकदा सैल झालेली असते, ती काढून पुन्हा घट्ट बसवावी. डब्यावर दिवा असेल तर तो पाहावा. लॅपटॉपला जोडण्यापूर्वी दिवा पेटतो आणि जोडताच विझतो, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा अॅडाप्टर कमकुवत झाला आहे. ही खूण सेवा केंद्राला जरूर सांगावी.

त्यानंतर डब्यावरचे लेबल वाचावे. तिथे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. यांचा गुणाकार म्हणजे वॅट, तो येथे सुमारे ६५ येतो. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला तर बॅटरी हळू भरते किंवा भरतच नाही. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मध्यभागी सुईसारखी बारीक पिन असते. तिच्याद्वारे लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. लोक बॅटरी खराब समजतात आणि दोष असतो चार्जरच्या पिनेत. नव्या लॅपटॉपमध्ये टाइप-सी पद्धतीची पिन असते. ती मोबाईलच्या चार्जरसारखी दिसते म्हणून मोबाईलचाच चार्जर लावला जातो. परंतु अशा चार्जरची ताकद बहुधा पुरत नाही. शिवाय टाइप-सीचे प्रत्येक छिद्र चार्जिंगचे असतेच असे नाही.

सर्व ठीक असूनही यंत्र जागे होत नसेल तर चार्जर काढावा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरावे. आत साठलेली उरलीसुरली वीज त्याने निघून जाते. मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते आणि सेवा केंद्राची फेरी वाचते.

पडदा काळा, पण यंत्र जिवंत

यंत्र चालू असेल तर अगोदर प्रकाश वाढवण्याचे बटण दाबून पाहावे. मग खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्चचा तिरका उजेड टाकावा. अगदी अंधुक चित्र दिसले तर चित्र येत आहे, फक्त मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, लागत नाही असे समजावे.

सर्वांत उपयोगी कसोटी घरातल्या टीव्हीची आहे. एचडीएमआयच्या वायरने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबावे, म्हणजे चित्र कुठे दाखवायचे ते निवडता येते. टीव्हीवर चित्र आले तर मुख्य बोर्ड बहुधा शाबूत आहे. दोष पडद्यात, बिजागरीतून जाणाऱ्या वायरमध्ये किंवा झाकणाच्या सेन्सरमध्ये आहे. याचा आणखी एक फायदा असा, की त्याच टीव्हीवर काम करून त्या महिन्याचे विवरण भरता येते आणि माल अडकत नाही.

झाकण पुढे-मागे केले की चित्र येते-जाते, तर बिजागरीजवळची वायर घासली आहे. उभी रेघ एकाच जागी कायम दिसते आणि यंत्र सुरू होताना कंपनीचे नाव येते तेव्हाही दिसते, पण टीव्हीवर दिसत नाही, तर दोष पॅनेलचा आहे, विंडोजचा नाही. चित्र मध्येच गोठते किंवा काळे होते, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने चित्राचा कारभार पाहणारा प्रोग्राम नव्याने सुरू होतो.

शिंपी आणि भरतकाम करणाऱ्या बंधूंसाठी एक खास सूचना. झाकण बंद आहे की उघडे हे लॅपटॉप चुंबकाच्या साहाय्याने ओळखतो. सुया-टाचण्या गोळा करण्याचे चुंबक किंवा चुंबकी कव्हरचा मोबाईल लॅपटॉपच्या कडेला ठेवला तर यंत्राला झाकण बंद झाल्यासारखे वाटते आणि पडदा विझतो. चुंबक बाजूला केला की रोग गेला.

आपल्या धंद्यातल्या खास अडचणी

यंत्रमागाच्या खात्यात आणि कापडाच्या गोदामात हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते चार्जिंगच्या छिद्रात शिरतात, पिन आत दाबताना तळाशी बसतात आणि पिन पूर्ण बसत नाही. पिन सैल आहे, हलवली की चार्जिंग येते-जाते, ही तक्रार आपल्या पेठांत यामुळेही होते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी काडीने तंतू हळूच बाहेर काढावेत. लोखंडी सुई किंवा टाचणी कदापि घालू नये. हेच तंतू पंख्याच्या जाळीत अडकले की यंत्र तापते आणि अचानक बंद पडते.

दुसरी अडचण विजेची. अॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, म्हणजे साधे चढउतार तो सोसतो. मोठा झटका मात्र सोसत नाही, आणि विजेच्या झटक्याने झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींत बसत नाही. तेव्हा सर्ज प्रोटेक्टर आणि खरे अर्थिंग यांवर केलेला खर्च वाया जात नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात, हे सहसा अर्थिंग नसल्याचे लक्षण होय. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये जुगाड करून लावण्याची सवय सोडावी.

सेवा केंद्राच्या दारात

आता कागद. वॉरंटीचा कागद इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला तो वाचणे म्हणजे परीक्षाच. तरी खरेदीच्या दिवशी कोणा शिकलेल्या मुलाकडून चार गोष्टी वाचून घ्याव्यात : मुदत किती, बॅटरी आणि चार्जरची मुदत वेगळी आहे का, कारागीर दुकानात येणार की आपण न्यायचे, आणि काय काय वगळले आहे. लॅपटॉपची मुदत तीन वर्षे असूनही बॅटरीची एकच वर्ष, असे पुष्कळदा असते. पाणी सांडणे, पडणे, पडद्यावर दाब येऊन तडा जाणे हे साध्या वॉरंटीत नसते. त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते.

मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते आहे ना, हे यंत्राचा सिरियल नंबर देऊन कंपनीकडे तपासावे. दुकानदाराकडे माल पडून राहिलेला असेल तर कंपनीच्या नोंदीत तारीख मागची असू शकते. बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त करून घेता येते. हे पहिल्याच आठवड्यात करावे, बिघाड झाल्यावर नव्हे.

यंत्र देण्यापूर्वी हिशोबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. सेवा केंद्र माहितीची जबाबदारी घेत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद केलेली असते. मुख्य बोर्ड बदलला की यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच उतरवून ठेवली नाही, तर लॅपटॉप दुरुस्त होतो आणि हिशोब आत अडकतो.

यंत्राचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, विशेषतः पडदा, बिजागरी आणि चार्जिंगच्या छिद्राचे. दोष दिसत असतानाचे मोबाईलवर चित्रीकरण करावे. जॉबशीटवर “बंद आहे” असे न लिहिता “टीव्हीवर चित्र येते, लॅपटॉपच्या पडद्यावर येत नाही, झाकण हलवल्यास क्षणभर येते” असे लिहून घ्यावे. खाली “बाहेरून कोणतीही इजा नाही” हे शब्द लिहून घ्यावेत आणि प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

“फिजिकल डॅमेज” हे दोन शब्द

माझ्या दुकानातील लॅपटॉपचा चार्जिंगचा जॅक दहाव्या महिन्यात सैल पडला. सेवा केंद्राने फोनवर सांगितले, “फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, पैसे भरा.” मी म्हटले, ठीक आहे, कुठे काय तुटले आहे ते फोटोसह लेखी द्या आणि कागदावर सही करा. जमा करतानाचे माझे फोटो आणि जॉबशीट मी त्यांच्यापुढे ठेवले. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी जॅक बदलून मिळाला, पैसे न देता.

हे सांगण्याचे कारण बढाई नव्हे. तोंडी नकार देणे सोपे असते, सही करून नकार देणे कठीण असते, एवढेच मला म्हणायचे आहे. खरोखर इजा झाली असेल तर कंपनी लिहून देईल आणि आपण ते मानावे. पण दिवसातून दहा वेळा घालावी आणि काढावी लागणारी पिन जर वर्षभरही टिकत नसेल, तर ती ग्राहकाची चूक की मालाचा दोष, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कायदा आणि छोटा व्यापारी

लेखी देऊनही न्याय मिळाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूच्या तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

परंतु येथे व्यापाऱ्याच्या वाटेत एक मोठा दगड आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा हा या कायद्यात ग्राहक नाही. कंपनीचा वकील सर्वप्रथम हेच म्हणतो की लॅपटॉप दुकानासाठी घेतला, बिलावर जीएसटी क्रमांक आहे, हा ग्राहक कसा? त्याच कायद्यात याचे उत्तरही आहे. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका मिळवण्यासाठीच जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, त्याचा वापर व्यापारी धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हा अर्थ स्पष्ट केला. स्वतः यंत्र चालवून पोट भरणारा माणूस मदतीला एक-दोन माणसे घेत असला तरी ग्राहकच राहतो. पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र राहत नाही. २०२४ साली श्रीराम चिट्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की व्यवहार व्यापारी कारणासाठी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा आक्षेप घेणाऱ्यावर आहे.

म्हणजे स्वतःच्या हाताने नमुने काढणारा कारागीर आणि स्वतः गादीवर बसून हिशोब लिहिणारा छोटा दुकानदार यांच्या हातात चांगला आधार आहे. तरीही प्रत्येकाला हे नव्याने भांडावे लागते. ४० हजारांच्या लॅपटॉपवर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये जीएसटी होतो. त्याची वजावट घ्यावी तर व्यापारी ठरण्याची धास्ती, न घ्यावी तर पदरचे पैसे गेले. माझे मत असे की या भीतीने वजावट सोडू नये, कारण प्रश्न वापराचा आहे, केवळ बिलाचा नाही. पण सरकारने हा संशय दूर करावा. एक-दोन यंत्रांवर स्वतः काम करणाऱ्याला कायद्याने सरळ ग्राहक मानावे, ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. आणि ज्यांना आयोगाची वाट खरोखरच बंद आहे, त्यांच्यासाठी १९३० चा मालविक्री कायदा आणि दिवाणी न्यायालय आहेच. वॉरंटी हा करार आहे आणि करार कोणाशीही केला तरी करारच असतो.

दुसरी मागणी सुट्या भागांची. दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याविषयीचे पोर्टल सुरू केले. पाऊल चांगले आहे. पण आपल्या गल्लीतला कुशल कारागीर अस्सल जॅक आणि अस्सल पॅनेल वाजवी भावाने मिळवू शकेल तेव्हाच त्याचा उपयोग. वॉरंटी संपल्यानंतर लॅपटॉप त्याच्याच हाती येणार आहे.

आपलेही माप तेच

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्या बाजारातल्या कित्येक पावत्यांवर छापलेले असते, “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.” २०१९ च्या कायद्यात सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हीदेखील. तेव्हा कंपनीकडे हक्क मागणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात पक्का रंग सांगून विकलेले कापड पहिल्याच धुण्यात उतरले तर काय करायचे, हेही ठरवून ठेवावे. ज्या मापाने आपण घेतो त्याच मापाने द्यावे लागते, तेव्हाच आवाजात जोर येतो.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंनी आजच एवढे करावे : लॅपटॉपचे बिल शोधून त्याची प्रत काढावी, सिरियल नंबर आणि वॉरंटीची शेवटची तारीख वहीत लिहावी, आणि मुदत संपायला महिना उरला असताना यंत्र एकदा नीट तपासावे. पिन सैल आहे का, पडद्यावर रेघ आहे का, बॅटरी लवकर उतरते का. दोष मुदतीत सापडला तर कंपनीचा, मुदतीनंतर सापडला तर आपला. मध्ये अंतर असते फक्त एका दिवसाचे.